ब्लडस्टोनमधले लाल ठिपके

भूगर्भशास्त्र हा विषय मी घेतला, कारण वनस्पतिशास्त्राची रांग फार लांब होती. नगरच्या कॉलेजात प्रवेशाच्या दिवशी पारनेरच्या एसटीने मी उशिरा पोचलो होतो. परतीची गाडी चुकवायची नव्हती आणि शेजारच्या खिडकीवर फक्त चार जण उभे होते. त्या खिडकीवर काय मिळतं, असं मी माझ्या पुढच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "दगड." मी म्हणालो, चालेल. दगडांशी आमच्या गावातल्या माणसाची ओळख जन्मापासूनच असते.

घरी सांगितल्यावर वडिलांनी विषयाचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "त्यात शिकायचं काय असतंय?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पहिल्या वर्षाच्या शेवटी देता आलं असतं, पण तोवर ते प्रश्न विसरून कांद्याच्या लागणीत गुंतले होते.

नगरमध्ये मी मामांकडे राहायचो. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये ते मशीनवर कामाला होते. दोन खोल्यांचं घर, मामा, मामी आणि मी. मामा कमी बोलायचे आणि मामी ती कसर भरून काढायच्या.

दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकल मंगळवारी दुपारी असायचं. लांब टेबलांवर लाकडी ट्रे मांडलेले, प्रत्येक ट्रेमध्ये कापसावर एक दगड, दगडावर पांढऱ्या रंगाचा टिपका आणि त्यावर नंबर. शेजारी एक चिनीमातीची खरबरीत फरशी, काचेचा तुकडा, तांब्याची तार, छोटा चाकू, लोहचुंबक आणि पातळ ॲसिडची ड्रॉपरची बाटली. आम्ही वहीत तक्ता आखायचो. पहिला रकाना रंगाचा. मग चकाकी, मग कठीणपणा, मग फरशीवर घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, त्याला कस म्हणतात. मग दगड फुटतो कसा, वजनाला कसा, आणि शेवटी नाव.

आमच्या मॅडम उंचीने कमी आणि आवाजाने भरपूर होत्या. त्यांचा एकच हट्ट असायचा. "आधी हातात घ्या. नाव नंतर आठवा. नाव आधी आठवलंत की हात खोटं बोलायला लागतो."

मला ते सगळं फार आवडायला लागलं होतं. शंखजिरं हातात घेतलं की ओल्या साबणासारखं बुळबुळीत लागतं. जिप्समवर नखाने ओरखडा उठतो, कॅल्साइटवर नख चालत नाही पण तांब्याची तार चालते, आणि गारगोटी तर उलट चाकूलाच घासून काढते. कॅल्साइट आणि बॅराइट दोन्ही पांढरे, पण बॅराइट उचलला की मनगट खाली जातं, कोणीतरी आतून ओढल्यासारखं. केओलिन ही पांढरी माती जिभेला लावली तर चिकटून बसते. मॅडमचं लक्ष नसताना मी जवळजवळ सगळेच दगड चाटून पाहिले होते. सैंधवाचा खडा तर दर मंगळवारी.

माझी पार्टनर नगरचीच होती. तिच्या वडिलांचं फरशीचं दुकान होतं. शहाबादी, कोटा, ग्रॅनाइट, मार्बल, सगळं. दगड ओळखायची तिची पद्धत वेगळी होती. ती बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायची. "हा पोकळ बोलतो," असं म्हणायची, आणि खरंच त्या दगडात कुठेतरी चीर असायची. दुकानात लहानपणापासून फरशा वाजवून पाहायची सवय तिला होती. वजन मात्र तिला अजिबात कळायचं नाही. हलका आणि जड दोन्ही दगड हातात घेऊन ती म्हणायची, "सेम."

तो दिवस सात नंबरच्या ट्रेचा. मॅडम माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हं, सांग. रंग?"

मी म्हणालो, "गडद हिरवा."

हे मी अंदाजाने म्हणालो होतो. रंगांच्या बाबतीत मी नेहमीच अंदाजाने बोलायचो, पण सगळेच तसं बोलत असतील अशी माझी समजूत होती.

"अजून?"

"अजून काही नाही मॅडम. सगळा एकसारखा आहे."

मागच्या टेबलावरची दोन मुलं हसली. मॅडमना वाटलं मी थट्टा करतोय. "या दगडाला ब्लडस्टोन का म्हणतात?"

मी दगड पुन्हा हातात घेतला. काचेवर ओरखडा उठत होता, चाकूला दाद देत नव्हता, मेणासारखी मंद चकाकी होती. गारगोटीच्या घरातला होता, एवढं नक्की. पण रक्ताचा काय संबंध ते कळेना. मी म्हणालो, "कदाचित गरम लागत असेल म्हणून." तेव्हा सगळा वर्ग हसला. मॅडम मान हलवत पुढच्या टेबलाकडे गेल्या.

पार्टनर हसली नव्हती. तिने दगड माझ्या हातातून घेतला आणि त्यावर बोट ठेवलं. "हा बघ. हा. हा पण. इथे तर तीन एकत्र आहेत."

"काय?"

"ठिपके. लाल ठिपके."

तिचं बोट एका सपाट, एकरंगी, गुळगुळीत दगडावरून इकडून तिकडे फिरताना मला दिसत होतं. तिथे काहीही नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या ओढणीचं टोक माझ्यापुढे धरलं.

"ही कोणत्या रंगाची?"

"तपकिरी."

"हिरवी आहे," ती म्हणाली. "आणि ती बाहेर उभी आहे ना, ती एसटी?"

"एसटी लाल असते, हे मला माहीत आहे."

"माहीत आहे का दिसतंय?"

एकोणीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

त्याच आठवड्यात मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रंगीत ठिपक्यांच्या गोलांचं एक पुस्तक उघडलं आणि प्रत्येक पानावर कोणता आकडा दिसतो ते विचारलं. पहिल्या पानावर बारा दिसला. नंतरच्या पानांवर मला फक्त ठिपके दिसत होते. मी एकदा "बहुतेक आठ" म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक म्हणू नका. दिसत नसेल तर नाही म्हणा." मग मी प्रत्येक पानाला नाही म्हणत गेलो आणि मला उगाचच हलकं वाटायला लागलं.

"नजर एकदम छान आहे," त्यांनी पुस्तक मिटत सांगितलं. "फक्त लाल आणि हिरव्यातला फरक तुम्हाला कळत नाही. लाल तर तुम्हाला काळपटच दिसत असणार. जन्मापासूनचं असतं हे, औषध नाही आणि वाढतही नाही. घरात आणखी कोणाला आहे का?"

मी म्हणालो, नाही.

"आणि शिकता काय?"

"दगड ओळखायला शिकतोय."

डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. त्या हसण्यामुळे मी घाबरलो. रिक्षात बसल्यावर एकच विचार डोक्यात होता. मॅडमना कळलं तर त्या मला विषय बदलायला लावतील. ज्या मुलाला पहिला रकानाच भरता येत नाही, त्याने तक्ता कशाला आखायचा? आणि मला तर आता दुसरं काही शिकायचंच नव्हतं. म्हणून मी ठरवलं, कोणाला सांगायचं नाही.

पार्टनरला माहीतच होतं. तिने सरळ वाटणी करून टाकली. "रंग मी सांगते, वजन तू सांग." दोघांच्या वह्या त्यानंतर पूर्ण भरायला लागल्या. फक्त एक घोळ झाला. तिला रंगांची नावं माहीत होती ती साड्या-ओढण्या घेताना कापडाच्या दुकानात ऐकलेली. त्यामुळे माझ्या वहीत ऑलिव्हिन 'पिस्ता', ॲझुराइट 'मोरपंखी', फेल्डस्पार 'फिका गाजरी' आणि गार्नेट 'मरून, वाइनकडे झुकणारा' असं लिहिलेलं असायचं. मी ते विश्वासाने उतरवून घ्यायचो. माझ्या दृष्टीने सगळी नावं सारखीच होती.

मॅडमनी एकदा वही तपासताना 'मोरपंखी'वर पेन ठेवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पण त्या काही बोलल्या नाहीत, आणि मी सुटलो असं समजून बाहेर आलो.

खरी अडचण वार्षिक प्रॅक्टिकलची होती. तिथे पार्टनर शेजारी नसते. दहा ट्रे, एकेका ट्रेला तीन मिनिटं, घंटा वाजली की पुढे. नुसता रंग चुकला तर थोडं नुकसान होईल, ते चाललं असतं. पण कस चुकला तर नावच चुकणार होतं. हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट दोन्ही काळे, दोन्ही जड. मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटतो, ती गोष्ट वेगळी, पण क्रोमाइट चिकटत नाही आणि तोही तसाच काळा. हेमॅटाइटची ओळख म्हणजे फरशीवर घासला की उमटणारी लाल रेघ. सगळ्यांना ती रेघ दिसली की पेपर सुटल्याचा आनंद व्हायचा. मला प्रत्येक वेळी काळपट रेघ दिसायची.

मी इतर वाटा शोधत बसलो. वजनाने हेमॅटाइट क्रोमाइटपेक्षा जरा जास्त भरतो, पण तुकडे लहानमोठे असले की हात फसतो. रेघेवर ओलं बोट फिरवून पाहिलं, पावडर चोळून पाहिली. कधी जमायचं, कधी नाही. पार्टनर म्हणाली, "वाजवून बघ." मी वाजवून पाहिलं. दोन्ही दगड सारखेच बोलले.

मग तिच्या भावाचं लग्न आलं. लग्नानंतर पहिल्या मंगळवारी ती मॅडमसाठी आणि आम्हा सगळ्यांसाठी सुक्यामेव्याचं एक मोठं ताट घेऊन आली. त्यावर जिलेटीनचा कागद ताणून लावलेला होता, शाळेत हस्तकलेला वापरायचो तसा. लाल आहे असं तिने सांगितलं. ताट पाच मिनिटांत रिकामं झालं. मी कागद घेऊन चाळा करत बसलो होतो. डोळ्यांसमोर धरून खिडकी पाहिली, पंखा पाहिला, मॅडम पाहिल्या. मग सहज समोरच्या ट्रेकडे पाहिलं. त्यात सात नंबरचा दगड होता.

त्यावर ठिपके होते.

मी कागद खाली केला. ठिपके गेले. वर केला, ठिपके आले. गडद दगडावर फिके, बारीक, कुठे एकटे, कुठे तीन एकत्र, अगदी तिने बोट ठेवलं होतं तिथेच. मी तिला हाक मारली. तिने येऊन विचारलं, काय झालं. मी दगडावर बोट ठेवून म्हणालो, "हा. हा. हा पण." ती खाली स्टुलावर बसली आणि एवढी हसली की मॅडमनी तिला बाहेर जाऊन पाणी पिऊन यायला सांगितलं.

त्या दुपारी आम्ही दोघांनी प्रयोगशाळेतला एकेक काळा दगड फरशीवर घासला. कागदातून पाहिल्यावर पांढरी फरशीही लाल होते, त्यामुळे लाल रेघ तिच्यात मिसळून जवळजवळ पुसली जाते. काळी किंवा तपकिरी-काळी रेघ मात्र तशीच गडद राहते. म्हणजे जी रेघ साध्या डोळ्यांना काळपट आणि कागदातून नाहीशी, तो हेमॅटाइट. आम्ही अकरा वेळा करून पाहिलं. अकराही वेळा बरोबर आलं. मी कागदाचा तळहाताएवढा तुकडा कापला आणि खिशात ठेवला.

रविवारी सकाळी मी घरात तोच कागद घेऊन बसलो होतो. मामी कांदे चिरत होत्या, मामा चहा पीत होते. मी कागदातून मामींची साडी पाहिली, गॅसची टाकी पाहिली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. कॅलेंडरमधला एक अख्खा रकाना गायब झाला होता.

"मामी, रविवार गेले," मी म्हणालो.

मामी हात पुसत आल्या, कागदातून पाहिलं आणि म्हणाल्या, "लाल आकडे दिसंना झाले की. अहो, बघा तर."

मामांनी कप ठेवला, कागद डोळ्यांना लावला. मग काढला. पुन्हा लावला. असं तीन-चार वेळा केलं. मग कॅलेंडरच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले आणि आमच्याकडे न बघता विचारलं, "हे आकडे तुम्हाला कागदाबिगरबी येगळे दिसत्यात व्हय?"

मामी म्हणाल्या, "म्हंजे? लाल हायत की ते."

"मला वाटलं लाल तारीख म्हंत्यात ती नुसती बोलायची पद्धत हाय," मामा म्हणाले. "सुट्टीला लाल तारीख म्हनायचं, असं."

कुकरची शिट्टी झाली, तरी मामी उठल्या नाहीत. मी डॉक्टरांकडे काय झालं ते सगळं सांगितलं, पुस्तकातले ठिपके, न दिसलेले आकडे. मामा ऐकत होते. मग म्हणाले, "मलाबी न्हाई दिसत. लहानपनापासून न्हाई. मी कुनाला बोललो न्हाई."

"एवढी वर्सं झाली लग्नाला," मामी म्हणाल्या, "मला बी न्हाई?"

"काय सांगायचं? लोक नावं ठेवतील, कामावरनं काढतील."

मग मामांच्या मशीनची गोष्ट बाहेर आली. मशीनवर दोन बटणं असतात, हिरवं चालू करायला आणि लाल बंद करायला. मामांच्या जुन्या मशीनवर चालूचं वर आणि बंदचं खाली होतं. मामा जागेवरून ओळखायचे आणि कधी चुकले नाहीत. काही महिन्यांपूर्वी वर्कशॉपमध्ये नवी मशीन आली. तिच्यावर बटणं शेजारी शेजारी होती, शिवाय आणखी दोन दिवे. सुपरवायझरने मामांना नव्या मशीनवर यायला सांगितलं. मामा नको म्हणाले. कारण सांगितलं नाही. तेव्हापासून वर्कशॉपमध्ये लोक म्हणायला लागले की याला आता कामाचा कंटाळा आलाय. घरात मामीसुद्धा तेच म्हणत होत्या.

मामी उठल्या आणि गॅस बंद केला. परत येऊन मामांच्या शेजारी बसल्या. "मी बोलले तुम्हाला, आळशी म्हनून," त्या म्हणाल्या.

"तुला काय ठावं," मामा म्हणाले.

नंतर मी वाचलं की हे आईकडून मुलाकडे येतं, आणि आईच्या भावांमध्ये पुष्कळदा सापडतं. म्हणजे मी ज्या घरात राहत होतो तिथेच माझा जोडीदार रोज समोर बसून जेवत होता, आणि आम्ही दोघंही एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होतो.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. पुण्याहून आलेले, उंच, चष्मा कपाळावर ठेवलेले गृहस्थ. घंटा वाजवायचं काम शिपाईकाकांकडे होतं. पहिले तीन ट्रे सोपे गेले. जिप्सम, फेल्डस्पार, गॅलेना. चौथ्या ट्रेमध्ये काळा, जड दगड. चुंबकाला चिकटत नव्हता. मी फरशीवर रेघ ओढली, आजूबाजूला पाहिलं आणि खिशातून कागद काढला.

"थांब," परीक्षक म्हणाले. ते माझ्या मागेच उभे होते. "खिशातून काय काढलंस?"

"कागद आहे सर."

"ते दिसतंय मला. त्यावर काय लिहिलंय?"

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, उजेडासमोर धरला, उलटा करून पाहिला. त्यावर काहीच नव्हतं. तोवर मॅडम आल्या होत्या आणि खोलीतली सगळी मुलं माझ्याकडे पाहत होती. पार्टनर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने मान हलवली. सांगून टाक, असं.

मी म्हणालो, "सर, मला लाल रंग दिसत नाही. या कागदातून लाल रेघ नाहीशी होते, त्यावरून मी ओळखतो."

घंटा वाजली. कोणीच पुढच्या ट्रेकडे गेलं नाही.

परीक्षकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, कागद चष्म्यासमोर धरला आणि माझ्या फरशीवर वाकले. "अरे," ते स्वतःशीच म्हणाले. मग शेजारच्या ट्रेमधला दगड घेतला, घासला, पाहिला. मग त्याच्या पलीकडचा. आमचं काय चाललंय याचा त्यांना विसर पडला होता. शिपाईकाकांनी घड्याळ पाहून आणखी एकदा घंटा वाजवली, तेव्हा मॅडमनी त्यांना हातानेच थांबवलं.

शेवटी परीक्षक माझ्याकडे वळले. "हा कोणता?"

"हेमॅटाइट."

"आणि कागद नसता तर?"

"तर मी वजनावर गेलो असतो. आणि चुकण्याची शक्यता होती, तसं लिहिलं असतं."

"बरं. उरलेले कर," ते म्हणाले आणि पुढे निघून गेले. कागद त्यांच्या हातातच होता. मागायची मला हिंमत झाली नाही.

उरलेले सहा ट्रे मी कागदाशिवाय केले. पाच बरोबर आले. नवव्या ट्रेमधला जास्पर लाल होता, मी हिरवा लिहिला. काठिण्य, चकाकी, फुटण्याची तऱ्हा सगळं बरोबर लिहून शेवटी रंगात चुकलो. बाहेर आल्यावर पार्टनर म्हणाली, "मी तर बॅराइटला कॅल्साइट लिहून आले. ॲसिड टाकायला विसरले." मग आम्ही कॅन्टीनमध्ये जाऊन वडापाव खाल्ला.

मॅडमनी मला दुसऱ्या दिवशी बोलावलं. मला वाटलं आता विषय बदलायचा अर्ज पुढे येणार. त्यांनी माझी वही उघडी ठेवली होती.

"दोन वर्षं माझ्यासमोर बसलास," त्या म्हणाल्या. "एकदा सांगता आलं नाही?"

"तुम्ही काढून टाकाल असं वाटलं मॅडम."

"कशावरून? नियमात कुठं लिहिलंय?"

मला नियम माहीत नव्हता. मी तो कधी विचारलाच नव्हता. मॅडमनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि पारनेरच्या मुलाला मोरपंखी शब्द कुठून सुचला याचा मी सहा महिने विचार करत होते. मला वाटलं तुला साड्यांचं दुकान काढायचंय."

त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर हसल्या. मग म्हणाल्या, रंग हा तसाही सगळ्यात लबाड गुण आहे. एकच गारगोटी पांढरी मिळते, जांभळी मिळते, धुरकट मिळते, आणि रंगावर विश्वास ठेवणारी मुलं तीन वेगळी नावं लिहून येतात. त्या मला बरं वाटावं म्हणून बोलत नव्हत्या. पुढच्या वर्षीपासून त्यांनी तक्त्यातला रंगाचा रकाना उचलून शेवटी टाकला. पहिल्या वर्षाच्या मुलांनी कुरकुर केली, कारण त्यांना पहिल्याच नजरेत नाव सांगायची घाई असायची.

परीक्षेची हकिकत मी मामांना जेवताना सांगितली. सगळ्यांसमोर कसं सांगावं लागलं, घंटा कशी दोनदा वाजली. मामांनी दोन-तीन प्रश्न विचारले, सगळे एकाच गोष्टीवर. लोक हसले का? मॅडम काय म्हणाल्या? नंतर कुणी काही बोललं का? मी म्हणालो, एक जण दिवसभर भेटेल त्या वस्तूचा रंग विचारत होता, नंतर कंटाळला.

त्या सोमवारी मामा कामावरून नेहमीपेक्षा लवकर आले. बूट काढताना म्हणाले, "सांगितलं सुपरवायझरला."

मामी दारातच थांबल्या. "काय म्हनला?"

"काय न्हाई. पट्टी आनली, मार्करनं चालू आन बंद लिवलं, बटनावर चिकटावलं. दिव्यावर बी लिवलं. म्हनला, येवढंच होतं तर आधी का न्हाई बोलला." मामा जरा वेळ बुटाची लेस गुंडाळत बसले. "नव्या मशीनवर हाय आता मी. लई भारी मशीन हाय. आवाजच न्हाई."

मी पास झालो, पुढे शिकलो, आणि आता विहिरी-बोअरच्या जागा पाहायचं, खडकाचे थर तपासायचं काम करतो. पारनेर तालुक्यातली बरीच गावं मला त्यांच्या खडकांवरून ओळखता येतात. शेतकरी विचारतात, खाली लाल माती लागली का हिरवी. मी त्यांनाच विचारतो, तुम्हाला कोणती दिसते? मग बोटात चोळून, दाताखाली धरून, बाकीचं मी सांगतो. पार्टनर आता वडिलांचं दुकान बघते. कोणी मार्बल म्हणून भलतंच काही आणून टाकलं की मला फोन करते आणि मी ॲसिडची बाटली घेऊन जातो.

मामांना सुट्टीच्या दिवशी कधी वेळ असला तर ते माझ्याबरोबर येतात. गेल्या महिन्यात रस्ता रुंद करण्यासाठी टेकडी ताजी कापलेली दिसली म्हणून आम्ही उतरलो. कापलेल्या खडकात पोकळ्या होत्या आणि पोकळ्यांमध्ये स्फटिक भरलेले. मामांनी एक तुकडा उचलला, तळहातावर तोलला, नखाने ओरखडला, मग चाकू मागितला. चाकूनेही ओरखडा उठेना. जीभ लावून पाहिली. "गारगोटी," म्हणाले. बरोबर होतं.

मोटरसायकलवरून एक जण चालला होता. तो थांबला. "काय हरवलंय का?" त्याने विचारलं.

"न्हाई," मामा म्हणाले. "बघतोय."

तो माणूस गाडी लावून आला आणि आमच्याबरोबर बघायला लागला. थोड्या वेळाने त्याने एक चपटा, चकचकणारा तुकडा शोधून मामांपुढे धरला आणि विचारलं, हे काय असतंय. मामांनी तो हातात घेतला, उन्हात तिरपा करून चकाकी पाहिली, नख लावलं आणि त्याला सांगायला सुरुवात केली. मी पाण्याची बाटली काढून सावलीत बसलो.